चंद्रीचा खोकला

आमच्या गल्लीत फौज आली त्या दिवशी अशी शांतता पसरली, की कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि चार घरांतल्या माणसांनी खिडकीतल्या खिडकीत हात वर केले. त्यातला एक मी. बाकीचे तिघे आता नाकबूल करतात. करू देत.

फौज म्हणजे खरं तर बाहेरच्या राज्यातनं आलेली पोलिसांचीच तुकडी. पण हातात रायफल आणि डोक्यावर लोखंडी टोपी असली, की आम्ही त्याला फौजच म्हणतो. आदल्या दिवशी कुणी तरी मोबाईलवर काही तरी लावलं, ते कुणाला तरी झोंबलं, आणि दुपारी मुख्य रस्त्यावर दगड असे पडले, की गगनबावड्याच्या पावसानं मान खाली घालावी. संध्याकाळी दुकानं पेटली. सकाळी उठून बघतो तर गल्लीच्या तोंडाशी लोखंडी अडथळे, वाळूची पोती, जाळी लावलेली निळी गाडी. रस्त्याच्या अलीकडं आमची गल्ली, पलीकडं मुसलमानांची वस्ती, आणि मधे ही मंडळी. संध्याकाळी तेवढी संचारबंदी थोडा वेळ उठायची. भोंग्यावरनं पुकारा व्हायचा, माणसं दूध-भाजी घेऊन यायची आणि पुन्हा दारं लावून बसायची.

माझ्या समोरच गुंडू गवळ्याचा गोठा. गुंडूकडं म्हशी चार, पण नाव एकीचंच. चंद्री. शिंगं अशी, की तिनं मान वळवली तर शेजाऱ्याच्या दोरीवरचे कपडे खाली येत. दिवाळीत शेजारच्या बावड्याला म्हशी पळवतात तेव्हा गुंडू सायलेन्सर काढलेली जुनी यामाहा दामटत पुढं आणि चंद्री त्या ताडताड आवाजामागं, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. चार वर्षं तिच्या पुढं कुणाची म्हैस गेली नाही. ती दुसऱ्या कुणामागं जात नाही हे अख्ख्या पेठेला माहीत. चंद्री दिसली, की पुढं गुंडूच. त्याचं तोंड बघायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

आता खरी गोष्ट. दंगलीच्या दिवशी दस्तगीर मिस्त्री गुंडूच्या गोठ्यात होता.

दस्तगीर म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री, राहायला रस्त्यापलीकडं. यामाहाचा तो आवाज लावून दिला तो त्यानंच. कान लावून, इंजिनाशी बोलत बोलत. त्या दुपारी तो गाडीचा कार्बोरेटर साफ करायला आला आणि इकडं त्याचं गॅरेज पेटलं. जाळणारी पोरं आमच्याच गल्लीची. गुंडूनं गोठ्याचं दार आतनं लावलं ते लावलंच. दस्तगीर गव्हाणीमागं कडब्याच्या पेंढ्यांत बसला. गुंडूची बायको झुंबरबाई आणि समोरचा मी, एवढ्यांनाच ठाऊक.

तुम्ही म्हणाल, फौज दारात आहे, सांगून टाकायचं. मीही तेच म्हणालो.

गुंडू म्हणाला, "आण्णा, फौज आठ दिवस ऱ्हाईल न् जाईल. मला हितंच म्हशी बांधायच्यात की! माणूस गोठ्यात लपवला म्हणून उद्या हीच पोरं कडब्याला काडी लावतील. वर बायको-पोरं झोपत्यात."

मी उठून कडब्याच्या आणखी दोन पेंढ्या दस्तगीरपुढं रचल्या.

निभलंही असतं, पण दस्तगीरला खोकला. कडब्याची धूळ, त्यात मूळची छाती नाजूक. खोकला आला, की तो तोंडात उपरणं कोंबायचा, डोळे बाहेर यायचे. तरी एखादा निसटायचाच. आणि गोठ्याच्या भिंतीला लागूनच तालमीचा कट्टा. कट्ट्यावर उदयसिंहाची बैठक. उदयसिंह म्हणजे गल्लीतल्या पोरांचा म्होरक्या. दिवाळीत तोही गाडीमागं म्हैस पळवायचा, आवाज दस्तगीरनंच लावलेला. मान बैलासारखी, नजर घारीसारखी. संचारबंदी असली तरी तो तिथंच. जवान हाकलायचे, तो आत जायचा, जवान वळले की परत बाहेर.

चौथ्या संध्याकाळी झुंबरबाई शेण टाकायला बाहेर आली, तशी त्यानं हाक मारली, "मामी, गोठ्यात कोण खोकतंय वो?"

झुंबरबाई जागेवरनं हलली नाही. म्हणाली, "चंद्री."

"म्हस खोकती?"

"तुझा बा इडी वढत हितं बसायचा तवापासनं खोकती. धूर काय माणसालाच लागतो व्हय?"

पोरं हसली. उदयसिंह हसला नाही. म्हणाला, "बरं बरं. उद्या रात पडायच्या आत जनावरांचा डॉक्टर घिऊन येतो. आमच्या पेठंची म्हस हाय. तिला काय व्हायला नको."

झुंबरबाईनं पाटी तिथंच ठेवली आणि आत आली. मी खिडकीतनं बघत होतो. उंबऱ्यावर बसताना तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

सकाळी मागच्या बोळातनं मी गोठ्यात गेलो, तर दस्तगीर यामाहापुढं उकिडवा बसलेला. हातात पाना, सायलेन्सर निघून भुईवर पडलेला.

गुंडू म्हणाला, "ह्यो म्हणतोय ते ऐका."

दस्तगीरनं हळू आवाजात सांगितलं, "आण्णा, लोकांला वाटतंय चंद्री गुंडूमागं पळती. ती गुंडूमागं न्हाय पळत. ह्या आवाजामागं पळती. गाडीवर मी बसलो तरी येईल."

"आणि लोक?"

"लोक म्हशीकडं बघत्यात."

मी गुंडूकडं बघितलं. चार वर्षांची त्याची इज्जत त्या पान्यानं एका वाक्यात खोलून ठेवली होती. पण तो एवढंच म्हणाला, "माझा पटका बांध. घोंगडं पांघर. तोंडाला उपरणं. मी असाच जातोय पावसाळ्यात."

बेत असा ठरला. संध्याकाळी पुकारा झाला, की दस्तगीर गुंडू होऊन गाडी दामटणार, मागं चंद्री, थेट अडथळ्यापर्यंत. चालत जायची सोय नव्हती. चालत्या माणसाला गल्लीत दहा जण थांबवतात. पळत्या म्हशीला कोण थांबवतंय? अडथळ्याशी गुंडू रोज दूध काढायचाच. दोन्ही बाजूंची माणसं तांबे घेऊन यायची, जवानही प्यायचे. तिथं पोचल्यावर मी साहेबांच्या कानात खरं सांगायचं, म्हणजे गल्लीला ऐकू जायचं नाही.

एकच लोचा होता. फौज आल्यापासनं गुंडू चंद्रीला दाव्यानं चालवत नेत होता. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज त्या मंडळींनी ऐकलाच नव्हता. आणि तो आवाज म्हणजे बंदुकीची माळ लावल्यासारखा.

"ते तुम्ही बघा, आण्णा," गुंडू म्हणाला. "साहेब तुमचं ऐकतोय."

साहेब माझं ऐकायचा हे खरं होतं. राठीसाहेब, हरयाणाचा, उंची एवढी, की विजेची तार ओलांडताना पाय उचलायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला चहा पाजला आणि पंचगंगेतल्या मगरीनं माझं धोतर नेलं, आठवड्यानं धुऊन परत आणलं, ती हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची मागवली. मी काही ना काही पुरवत गेलो.

तर त्या संध्याकाळी पुकारा व्हायच्या जरा आधीच मी चहाची किटली घेऊन अडथळ्याशी गेलो. म्हणालो, "साब, आज गुंडू गाडी पे आयेगा. गाडी फटफट आवाज करेगी. गोली नहीं है वो. पीछे भैंस दौड़ेगी. डरने का नहीं."

साहेबानं कप खाली ठेवला. "भैंस? मोटरसायकल के पीछे?"

"हां साब."

"क्यों?"

"उसको आवाज आवडता है."

तो एवढा हसला, की पोत्यामागचे दोन जवानही हसले. "आण्णाजी, मगरमच्छ वाला अच्छा था. ये नहीं जमा."

मी शपथ घेतली. अंबाबाईची घेतली, जोतिबाची घेतली. तो आणखी हसला, कारण मगरीच्या वेळीही मी त्या दोन्ही घेतल्या होत्या. मग एकदम त्याचं हसू थांबलं. "सुनिए. मज़ाक अलग. कल उस तरफ़ से किसी ने सुतली बम फेंका, मेरे जवान का कान गया. अब आवाज़ करती कोई गाड़ी इस तरफ़ आई, तो मेरे आदमी एक बार रुकने को बोलेंगे. एक बार. समझे?"

समजलो. किटली तिथंच टाकली. परत वळलो. गोठ्यापर्यंत जायचं, गाडी सुरू करू नका म्हणून सांगायचं. एवढंच डोक्यात. दोन घरं ओलांडली असतील नसतील, तोच भोंगा वाजला. "संचारबंदी शिथिल करण्यात आली आहे..." तो पुकारा संपायच्या आत गोठ्याचं दार उघडलं आणि ताड ताड ताड ताड सुरू झालं.

त्या आवाजानं गल्लीतल्या बायका तांबे टाकून आत पळाल्या. मागं शिट्टी झाली. पळत्या बुटांचे आवाज आणि मग रायफलींचे खटके. ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळनं ऐकले. कुलूप उघडल्यासारखा साधा आवाज असतो.

मी मधोमध. पुढनं यामाहा धुराचा लोट सोडत येतेय, वर घोंगडं पांघरलेला पटकेवाला वाकून बसलाय, आणि त्यामागं चंद्री, शेपूट वर, खूर फरसबंदीवर आपटत. मागं पोत्यांवर ठेवलेल्या नळ्या.

"रुको!" मागनं आवाज आला.

ते एकदा होतं.

मी दोन्ही हात वर केले आणि अडथळ्याकडं तोंड करून ओरडलो, "भैंस! साब, भैंस!" दुसरा शब्दच सुचेना. आयुष्यभर मीठमसाला लावत आलो, त्या वेळी तोंडात एवढा एकच शब्द उरला होता.

आणि तेवढ्यात कट्ट्यावरनं उदयसिंह रस्त्यात उतरला. हात पसरले. "ओ गुंडूमामा! थांबा की! म्हशीला डॉक्टरनं धावायला सांगितलंय व्हय?"

मी तोंड फिरवलं, तर गाडी त्याच्यापासनं चार हातांवर. दस्तगीर थांबला असता तर उपरणं ओढलं गेलं असतं. न थांबावं तर पुढं नळ्या. घोंगड्याखालनं मला त्याचे डोळे दिसले. ते माझ्याकडं बघत नव्हते, उदयसिंहाकडंही नाही. आवाज ऐकत असल्यासारखे होते. त्यानं हँडलची मूठ पिळली.

उदयसिंह गाडीला हटला नसता. पण चंद्री बघून हटला. हटला म्हणजे उडाला तो सरळ गटारात. गाडी गेली, म्हैस गेली, माझ्या अंगावरनं वारा गेला. मी डोळे मिटून बार व्हायची वाट बघत उभा. एवढा वेळ उभा होतो, की मला वाटतं माझी मिशी त्या वेळातच पांढरी झाली.

बार झाला नाही.

डोळे उघडले तर राठीसाहेब पोत्यांच्या पुढं येऊन उभा. एक हात वर धरलेला, जवानांना थांबवणारा. नजर चंद्रीच्या शिंगांवर. नंतर कळलं, त्याच्या गावी घरोघर म्हशी. रायफलीपुढं पळत येणारा माणूस काय करील हे त्याला ठाऊक नव्हतं. पण म्हैस दंगल करायला येत नाही, एवढं तो लहानपणापासनं जाणून होता.

गाडी अडथळ्याशी बंद पडली. चंद्री थांबली, फुसकारली आणि गाडीच्या तापल्या नळीचा वास घेत उभी राहिली. वर बसलेल्या माणसाकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

साहेबानं ते बघितलं. जवळ गेला. गुंडूच्या हातचं दूध तो रोज प्यायचा. चंद्री आल्या आल्या गुंडूच्या काखेत तोंड खुपसते हे त्यानं पाहिलेलं. खालच्या आवाजात म्हणाला, "ये गुंडू नहीं है."

मी धापा टाकत पोचलो होतो. त्याच्या कानाशी लागलो. "साब, इसका घर उधर है. पाँच दिन से गोठे में था. इधर मालूम पड़ा तो इसको भी मारेंगे और गुंडू को भी."

त्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू यात मगर किती आहे ते तो मोजतोय. आणि नेमका त्याच वेळी उपरण्याआडनं दस्तगीरला खोकला आला. दाबलेला, पोटातनं वर येणारा. साहेबाला काय कळायचं ते कळलं.

मागनं पोरं येत होती. पुढं उदयसिंह, चिखलानं माखलेला, एका पायात चप्पल.

साहेबानं काठी अडथळ्यावर आपटली. "ए! पीछे! इधर भीड़ नहीं! आज दूध उधर निकलेगा, उस तरफ़ वालों को दो दिन से कम मिला है." आणि दोघा जवानांनी लोखंडी अडथळा सरकवला.

पण गाडी सुरू झाल्याशिवाय चंद्री हलणार कशी? दस्तगीरनं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. फुस्स. पेठेतल्या अर्ध्या गाड्यांना ज्यानं जीव दिला, त्याला स्वतः कान लावून जुळवलेली गाडीच ओळख देईना. उदयसिंह जवानाच्या खांद्यावरनं मान लांब करत होता. "मामा, चोक वढा की चोक!" कुणी तरी मागनं ओरडलं.

दस्तगीर किंचित वाकला, गाडीच्या टाकीवर हात ठेवला, काही तरी पुटपुटला. मग किक. ताड ताड ताड. चंद्रीनं कान टवकारले आणि ती रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीत शिरली. अडथळा परत लागला.

आता बघा पंचाईत. दस्तगीर घरी पोचला, पण गुंडू गुंडूच्याच गोठ्यात अडकला. गल्लीच्या हिशेबानं तो रस्त्यापलीकडं, संचारबंदीत सापडलेला. त्याला खोकायची चोरी, शिंकायची चोरी. कडब्यात दस्तगीरच्याच जागेवर बसून होता. आणि काळजी वेगळीच. चंद्रीची.

"आण्णा, तिला दुसरा हात चालत न्हाय," तो कुजबुजत होता. "कास भरून ऱ्हायली तर सडं जात्याल तिची. मिस्त्रीला पाना धरता येतोय, आचळ कुठनं येईल?"

झुंबरबाई म्हणाली, "माणूस वाचवला न् म्हस घालवली." पण म्हणताना तिनं ताटात त्याच्यासाठी दुसरी भाकरी ठेवली.

डॉक्टर आणायचं उदयसिंहानं त्या दिवशी नाव काढलं नाही. ते मला जास्त टोचत होतं. बोलणारा माणूस गप्प झाला, की मी दाराची कडी दोनदा बघतो.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला आणि रस्त्यापलीकडनं तोच आवाज. खिडक्या उघडल्या. अडथळा सरकला. यामाहा आली. आणि गाडीवर राठीसाहेब! वर्दीत, लोखंडी टोपीत, गुडघे हँडलला लागलेले, तोंडावर सरकारी गांभीर्य. मागं चंद्री, शेपूट वर. कास बघितली तर रिकामी, लुसलुशीत. साहेब उतरताना डाव्या पायानं लंगडत होता, त्यावरनं धार कुणी काढली हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. गाडी सरळ गोठ्यात, म्हैस गोठ्यात, दार बंद. जरा वेळानं साहेब एकटाच बाहेर आला. माझ्या समोरनं जाताना थांबला.

"आण्णाजी, घर पे फ़ोन किया था. बताया. बीवी बोली, पीकर ड्यूटी मत करो."

आणि लंगडत निघून गेला.

घटकाभरानं गुंडू धारेची किटली घेऊन दारात आला. गल्लीनं बघितलं. कुणी काही विचारलं नाही, पण उदयसिंह कट्ट्यावरनं उठला आणि माझ्या पायरीवर येऊन बसला. अगदी लागून.

"आण्णा."

"बोल."

"गटारात पडल्यावर माणसाचं तोंड दिसत न्हाय. पाय दिसत्यात. काल गुंडूमामाच्या पायात बूट हुते. काळे, ऑइलचे. गुंडूमामा जल्मात बूट घालत न्हाय."

मी पायरीवरची धूळ झटकली.

"आणि काल मामा पलीकडं गेला. आज साहेब एकटा आला. मग मामा घरात कुठनं उगवला?"

समोर गुंडू कुणाच्या तरी तांब्यात दूध ओतत होता. त्याला आम्ही दोघं दिसत होतो. वर गॅलरीत झुंबरबाई पोराला उराशी धरून उभी, खाली कोरडा कडबा दारापर्यंत रचलेला. कट्ट्यावर बाकीची पोरं उदयसिंहाच्या तोंडाकडं बघत होती.

"त्याचं काय झालं," मी म्हणालो, "बूट साहेबानं दिले. फौजेत नियम हाय, अनवाणी माणसाला अडथळ्याशी येऊ देत न्हाईत. आणि आज गुंडू आला तो चंद्रीच्या पोटाला लोंबकळत. खालनं. दोन्ही हातांनी शिंगं न् पायांत शेपूट धरून. म्हणून तर साहेबाला गाडी सावकाश हाणावी लागली. तुला दिसला न्हाय?"

उदयसिंहानं शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाही हसला नाही. मग त्यानं कोपऱ्यावरच्या जळक्या गॅरेजकडं बघितलं. पत्रा वाकून रस्त्यावर आला होता. त्याखाली एका टायरच्या नुसत्या तारा उरल्या होत्या.

"असं व्हय," तो म्हणाला. "पोटाखालनं आला."

"व्हय."

"आणि खोकला? बरा झाला म्हशीचा?"

"काल रात्रीपासनं एकदा पण न्हाय."

"मग डॉक्टर नको." तो उठला, पँट झटकली. कट्ट्यावरनं एकानं विचारलं, "काय रं, काय म्हणतोय म्हातारा?"

"काय न्हाय. फेकतंय," उदयसिंह म्हणाला. "चला, गर्दी करू नगा. साहेब वराडतोय."

पोरं पांगली. तो मात्र दोन पावलं जाऊन माझ्याकडं परत आला. आवाज एवढा खाली, की मला कान पुढं करावा लागला.

"आण्णा, दिवाळीला माझ्या गाडीचा आवाज कोण लावणार?"

मी रस्त्यापलीकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. त्याची मान खाली होती.

"गॅरेजचा पत्रा उचलायला माणसं लागतील," मी म्हणालो.